घराण्यातला आजार

वीरेंद्रनं मोबाइल विहिरीत फेकला आणि कानांवर हात दाबून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसला.

"ते ऐकून राहिले, बाबा. कंपनीतले सारे माह्यं बोलणं ऐकून राहिले."

गुणवंता पोराजवळ उकिडवा बसला. महिनाभर रात्रपाळी करून आलेल्या पोराच्या डोळ्यांतली ही भीती त्याच्या ओळखीची होती. बाविसाव्या वर्षी त्यालाही आवाज ऐकू येत. तेव्हा घरच्यांनी त्याला कापसाच्या खोलीत कोंडलं होतं. डॉक्टर भेटायला नऊ वर्षं लागली. आता रोजच्या गोळीवर तो संत्र्याची बाग एकट्यानं सांभाळत होता.

दोघं घरी आले, तर गुणवंताचा मेहुणा गुलाब बसलेला. परवा लोधीखेड्याचे पाहुणे हिमानीला, वीरेंद्रच्या बहिणीला, पाहायला येणार होते. वीरेंद्रकडे बघताच गुलाब उठला.

"दोन दिवस कोंडून ठेवा याले. तुमच्याच घराण्यातला आजार हाय हा, भाटवे. पाहुण्यायले समजलं तर पोरीचं लग्न होईन काय?"

अशा बोलण्यावर गुणवंता नेहमी मान खाली घाली. आज त्यानं घातली नाही.

"आजार माह्याच हाय. म्हणून तर मले समजला. अन् कोंडल्यानं काय होते, तेबी मलेच ठाऊक हाय."

त्यानं हिमानीकडे पाहिलं. ती भावाचे कपडे पिशवीत भरत होती.

"पाहुणे गेले तर जाऊ द्या, बाबा. नागपूरची बस येऊन राहिली."

नागपूरच्या डॉक्टरांनी घरात कोणाला हा आजार होता का, असं विचारलं. "मले," गुणवंता म्हणाला. "माह्यामुळंच झालं ना हे?"

"आजाराकडचा कल रक्तातून येतो," डॉक्टर म्हणाले. "पण नुसत्या कलानं सगळेच आजारी पडत नाहीत. जागरण, नशा, घरातला धाक, सगळं मिळून तो वाढतो. बरं झालं, तुम्ही लवकर आणलंत."

पाहुणे आले नाहीत. हिमानीनं नर्सिंगचा फॉर्म भरला. वीरेंद्रची रात्रपाळी सुटली. गोळ्या सुरू झाल्या. बापलेक रोज एकत्र जेवू लागले, आणि घरात कोणी त्याच्यावर ओरडलं नाही. हळूहळू आवाज विरले. सहाव्या महिन्यात तो दिवसपाळीवर रुजू झाला.

पुढच्या तपासणीला दोघं दवाखान्यात बसले होते. शेजारी एक बाई मुलीचा हात धरून रडत होती.

"हिचा आजा असाच होता. पोरगी त्याच्यावरच गेली. आता काय होईन हिचं?"

वीरेंद्रनं गुणवंताच्या खांद्यावर हात ठेवला.

"मीबी बाबावरच गेलो, काकू," तो हसून म्हणाला. "म्हणून तर बरा झालो."