पाठीवरचे वळ

खो-खोसाठी शर्ट बदलणाऱ्या आठवीतल्या सिद्धेशच्या पाठीवर सरांना आडव्या लाल रेषा दिसल्या. त्यांनी त्याच्या आईला, हेमांगीला, शाळेत बोलावलं. "मला कुणी नाही मारलं," सिद्धेश सांगत राहिला. "मी हातही लावला नाही," त्याचे बाबा, रुपेश, म्हणाले. हेमांगीला दोघांचंही खरं वाटेना. ती मुलाला घेऊन आगाशीला माहेरी निघून गेली.

तिथले डॉक्टर पाठ बघून हसले. "वर्षभरात केवढा उंच झालाय! या वयात भराभर वाढताना त्वचा ताणली जाते. काही धोका नाही, रेषा हळूहळू फिकट होतील."

हेमांगीने लगेच नवऱ्याला फोन लावला. "अरे, डॉक्टर म्हणाले, ते माराचे वळ नव्हतेच. आम्ही घरी येतोय."




रुपेश थकलेल्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ना?"