उजवीकडचा खांब

"परत तोच खांब," गोल्फ शिकवणाऱ्या हातोरीबाई म्हणाल्या. "मारण्याआधी चेंडू कुठे पडणार ते ठरवायचं. न ठरवता मारला, तर घाम फुकट."

इनागाकीने गोल्फची काठी पुन्हा नीट धरली. जपानमधल्या नागोयाच्या त्या जाळीबंद, तीनमजली सरावमैदानात प्रत्येक मजल्यावर माणसं टोपल्याच्या टोपल्या चेंडू दणादण हाणत होती. तेव्हा अख्ख्या शहरालाच गोल्फचं वेड लागलं होतं. इनागाकी मात्र एक टोपली सकाळभर पुरवायचा. एक चेंडू, एक श्वास, आणि नजर उजवीकडच्या टोकाच्या खांबावर.

शेजारी खेळणारा दंतवैद्य काठी टेकवून बघत होता. "अहो, मधला झेंडा सोडून त्या खांबाशी काय वैर?"

"रविवारी जिथे खेळायचंय, तिथे शेवटच्या होलपाशी उजवीकडे तळं आहे," बाईंनीच उत्तर दिलं.

"अस्सं. तळ्याची भीती घालवताय होय."

बाईंनी चहाचा घोट घेतला. "चेंडू गेला की क्षणभर बघा," त्या इनागाकीला म्हणाल्या. "मग मान खाली. घाई नको."

घरी बायको म्हणाली, "न्हाणीघरातला नळ कधीचा गळतोय, आणि तुमचे हात त्या काठीला चिकटलेत."

"कुसुनोकी साहेबांनी रविवारी खेळायला बोलावलंय, मासाए."

तिने नळाचा विषय सोडला. तिच्या वडिलांचा स्क्रूचा कारखाना कुसुनोकींच्या मोटार कंपनीच्या कामावरच चालायचा. करार संपत आला होता. तो गेला, की दाराला कुलूप. आणि साहेब माणूस जोखायचे तो मैदानावर. मागे एका पुरवठादाराने त्यांना खूश करायला होलपासून हातभर अंतरावरून चेंडू मुद्दाम चुकवला होता. साहेब न जेवता उठून गेले, आणि त्याचं काम बंद झालं. त्यांना हरवणाऱ्याचंही पुढे काही भलं झालं नव्हतं.

"नीट खेळा," मासाए एवढंच म्हणाली.

रविवारी इनागाकी नीटच खेळला. शेवटच्या होलपर्यंत दोघे बरोबरीत होते. साहेबांचा चेंडू झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर पोचला. इनागाकीने श्वास घेतला आणि काठी फिरवली. चेंडू सुरेख उडाला, उजवीकडे कलला आणि तळ्यात बुडाला.

तो क्षणभर बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली.

"अरेरे," साहेब म्हणाले. "हातातला डाव गेला की हो."

खेळ संपल्यावर रिवाजाप्रमाणे दोघे क्लबच्या हौदात, गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसले. साहेबांनी डोक्यावर ओल्या टॉवेलची घडी ठेवली होती आणि डोळे मिटले होते.

"करार चालू राहील," साहेब म्हणाले. "सासऱ्यांना सांगा."

इनागाकीने पाण्यातच वाकून नमस्कार केला. हनुवटी बुडाली.

"आणि हातोरीबाईंना माझाही नमस्कार सांगा." साहेबांचे डोळे मिटलेलेच होते. "साहेब होण्याआधी हरायला मीही त्यांच्याकडेच शिकलो."