फिरत्या घराचा रेडिओ

"काकाजी, डिशचं तोंड असंच राह्यलं पाहिजे," लहानू गाडीच्या छतावरून ओरडला. "जराकसं इकडचं तिकडं झालं का रेडिओ मुका!"

आत बसलेल्या ताराबाईंनी मान वर केली. त्यांना छत दिसत नव्हतं, लहानूही दिसत नव्हता. साखरेच्या आजारानं डोळे नेले ते नेलेच. पण ड्रिलची घरघर बाकाच्या फळीत उतरत होती आणि ती त्यांना आवडत होती.

रेडिओचा हट्ट त्यांचाच. यजमानांनी, म्हणजे मनोहररावांनी, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर केलं होतं. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं. एसटीत ड्रायव्हर असताना त्यांनी सारी नोकरी उमरेड-नागपूर रस्त्यावर घासली, आणि बायकोला कायम एकच सांगितलं, रिटायर झालो का तुले अख्खा भारत दाखवतो. रिटायर झाले तोवर बघायला डोळे उरले नव्हते.

"मग ऐकवा," ताराबाई म्हणाल्या होत्या. "ज्या गावात जाऊ, तिथला रेडिओ लावा. भाषा बदलली का मले गाव बदललेलं कळते."

उपग्रहावरून आकाशवाणीची गावोगावची केंद्रं लागतात, हे लहानूनं सुचवलं. डिश बसवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

अडचण वेगळीच होती. मनोहररावांचा उजवा हात थरथरायला लागला होता. मुलानं, जितेंद्रनं, पुण्याहून फोनवर बजावलं, "बाबा, गाडी हायवेवर काढायची नाही." त्या दिवशी मनोहरराव जेवले नाहीत. दिलेला शब्द मोडला तर हा माणूस आतून खचेल, या धास्तीनं ताराबाईंनाही घास गेला नाही. मग एकदा दवाखान्यातून ते हसत आले. नव्या गोळीनं हात थांबला म्हणे, डॉक्टर जा म्हणाले.

लहानू खाली उतरला. "दर मुक्कामी वर चढून डिश फिरवा लागन, काकाजी."

"या वयात छतावर चढू का गा मी? पक्की कसून टाक. मी गाडीच दर वेळी एका दिशेनं लावीन."

"दिशा जमन. पण लई दूर गेले का डिश वरखालीबी करा लागते. राजस्थानात, मद्रासकडं... नाही तर मुका."

"पाहू ना तवा," मनोहरराव म्हणाले. ताराबाईंनी लहानूला चहा दिला.

आणि निघाले एकदाचे. पहिला मुक्काम जबलपूर, मग जयपूर. गाडी दिवसभर चालायची, बैलगाडीच्या चालीनं. थांबली की मनोहरराव बटणं दाबत बसत, आणि त्या गावचा रेडिओ लागे. मग त्यांचं वर्णन सुरू. किल्ले, बाजार, बायांच्या लुगड्यांचे रंग. जन्मात इतकं बोलले नव्हते. ताराबाई खोदून खोदून विचारत आणि ते न थकता सांगत.

सकाळचं ऊन रोज डाव्या गालावर यायचं. "डिशपायी गाडी एकाच दिशेनं लावतो ना," ते म्हणत. डोक्यावरून विमान गेलं तर, "मोठं शहर आहे वं." चहा हाती देताना बशी वाजायची. "वारा आहे. गाडी हलून राहिली."

"हो, वारा आहे," ताराबाई म्हणत आणि कप पटकन धरत.

मग एका दुपारी त्यांनी इंजिन बंद केलं. "आलो, तारा. कन्याकुमारी."

रेडिओवर एक बाई घाईघाईनं तमिळ बोलत होती.

"मले समुद्रात पाय बुडवायचा आहे," ताराबाई म्हणाल्या.

"लई पायऱ्या आहेत वं. तू बस, मी समुद्रच घेऊन येतो." ओट्यावर जरा खुडबुड झाली, बादली वाजली आणि ते उतरले. बऱ्याच वेळानं धापा टाकत वर आले.

ताराबाईंनी बादलीत हात बुडवला, बोट जिभेला लावलं. खारट.

"कसा आहे समुद्र?"

"लई मोठा आहे जी."

मनोहरराव हसले, लहान पोरासारखे. मग विचारलं, "शब्द पाळला का नाही मी?"

"पाळला," त्या म्हणाल्या आणि ओला हात पदराला पुसला.

ते बादली घेऊन बाहेर गेले. ताराबाईंनी वरण चढवलं आणि मिठाच्या बरणीत हात घातला. सकाळीच काठोकाठ भरलेली बरणी रिकामी होती.

रेडिओवरची बाई खणखणीत बोलत होती. जबलपूरला, जयपूरला, इथंही, रेडिओ एकदासुद्धा मुका झाला नव्हता. लांबून एक बस आली, कंडक्टर "उमरेड, उमरेड" ओरडत होता. ती जाईपर्यंत ताराबाई थांबल्या, रेडिओच्या मागची वायर चाचपली आणि हळूच ओढून काढली.

"अवो, ऐकता का जी?" त्यांनी आनंदानं हाक मारली. "रेडिओ मुका झाला! लहानू म्हणे तसंच झालं पाहा. लईच दूर आलो जी आपण!"