घरातल्या एकीला नोकरी

कान्हे गावाजवळच्या फ्रोजन मटारच्या कंपनीत आग लागली, तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं. पॅकिंगला असलेली नंदाबाईंची थोरली लेक राजेश्वरी आतच राहिली.

दोन महिन्यांनी कारखानदारांच्या संघटनेचे सेक्रेटरी वडिवळे गावात नंदाबाईंच्या घरी आले. "मावशी, आमच्या मदतीनं कंपनी परत चालू झालीय. तुमच्या घरातल्या एकीला तिथंच कायमची नोकरी देतोय."

घरात आता कमावणारं कुणीच नव्हतं. धाकटी शुभदा आपलं आधार कार्ड घेऊन पुढं आली.

"सायेब, त्या दाराला आता कुलूप न्हाई ना लावत?" नंदाबाईंनी विचारलं.

"लावावं लागतं हो, माल चोरीला जातो. पण किल्ली आता सुपरवायझरकडेच असते."



नंदाबाईंनी शुभदाचं कार्ड पेटीत ठेवलं आणि स्वतःचं काढून साहेबांच्या हातात दिलं.