अंगठीवरचा मध

"अहो, पोरगं पाच वर्षांचं झालं! त्या मधाचं अजून काय घेऊन बसलात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मृण्मयीने सहा महिने लेकाला अंगावरच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही दिला नव्हता. पण जन्मल्या दिवशीच, ती ग्लानीत असताना, सासूबाईंनी सोन्याच्या अंगठीने मध चाटवला होता. ओजसचं पोट साफ होत नाही ते त्या मधामुळेच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तेव्हापासून तिने पोराला आजीच्या हाती सोडलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी ओजसचं पोट चाचपलं. "काय रे, शी का दाबून ठेवतोस?"

"आई दाराशी उभी राहते. 'झाली का? कशी झाली?' विचारते. मग बघायला आत येते. मग माझी शी घाबरून परत जाते."

मृण्मयीचे कान तापले.

"मग दाराशी कोण हवं तुला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आजी! तिला ऐकूच येत नाही."

मृण्मयीने तिथूनच सासूबाईंना फोन लावला. हळूच म्हणाली, "आई, उद्यापासून ओजसला संडासला तुम्ही न्या."

"काय गं? कुणाला?"

शेवटी तिला ते बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांना ऐकू जाईल इतकं ओरडून सांगावं लागलं.