हूं नाही की चूं नाही

वर्षालीच्या तळहातातलं पिकलेलं गळू कापायचं होतं. डॉक्टरांनी मला भुलीचं इंजेक्शन बाजूला ठेवायला लावलं, तिच्या हातात ॲक्युपंक्चरच्या सुया टोचल्या आणि स्वतःचा मोबाईल माझ्याकडे दिला. "सिस्टर, व्हिडिओ काढा."

तिच्यासोबत रोहण्याहून आलेले सासरे, रूपरावजी, उशाशीच उभे होते.

ब्लेड फिरलं, पू उसळला. वर्षालीने डोक्यावरचा पदर दातांत धरला. हूं नाही की चूं नाही.

"बघा, सुया लावल्या की दुखतच नाही!" डॉक्टर कॅमेऱ्याकडे बघून हसले. पूची मला कधीच किळस येत नाही. त्या हसण्याची आली.

रूपरावजी हात जोडून बाहेर गेले. दार लागलं तशी वर्षालीने अशी किंकाळी फोडली, की माझ्या हातातली पट्टी गळून पडली. पदराला रक्त लागलं होतं. खालचा ओठ तिने चावून फोडला होता.

"मंग मघाशी काऊन नाई ओरडली वं बाई?" मी विचारलं.

"मामाजी होते ना तिथं," ती हुंदके देत म्हणाली. "सासऱ्यासमोर कशी ओरडू?"

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता निदान तो व्हिडिओ तरी पुसतील. त्यांनी हातमोजे काढले आणि दार उघडलं. बाहेर पुढची पेशंट नवऱ्याजवळ बसली होती.

"हिचे सासरे नाही आले?" डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं. "फोन करून बोलावून घ्या. तोवर थांबू आपण."