आधी मला बसवा
बाळंतपणानंतर निकिताचं मन पार विझून गेलं होतं. बाळ रडलं तरी ती भिंतीकडं बघत बसायची. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या जोडीला संमोहन उपचार सुचवले, तशी त्यांच्या येडशी गावात भावकी कुजबुजली, "पोरीच्या डोक्यात कायबाय भरवतील." दवाखान्यातली संमोहनासाठीची आरामखुर्ची बघून निकिता दारातच थिजली. तेव्हा तिची सासू मथुराबाई पदर खोचून पुढं झाली. "बाई, आधी मला बसवा. हिला बघू द्या." खुर्चीत डोळे मिटून ती डॉक्टरीणबाईंच्या आवाजाबरोबर श्वास घेत राहिली. हळूहळू कपाळावरच्या आठ्या सैलावल्या आणि गालांवरून पाणी ओघळलं. निकिता घाबरून धावली, पदरानं तिचे डोळे पुसू लागली. "तुझ्या नवऱ्याच्या वेळी माझंबी असंच झालं हुतं गं," मथुराबाई म्हणाली. "तवा कुणाला सांगायची सोय नव्हती." निकितानं सासूचा हात धरून तिला उठवलं. "आत्या, आता मी बसते."